मैदा सोडावा लागेल

माझी मुलगी पाचवीत होती तेव्हा शाळेच्या दिवशी सकाळी तिला उलटी व्हायची. रविवारी चर्चला जाताना होत नसे, सुट्टीत होत नसे. आम्ही पोटाचे डॉक्टर केले, जंताचं औषध दिलं. शेवटी तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने मला भाजी घेता घेता सांगितलं, "तुमच्या मुलीला बाई रोज उभं करून धडा वाचायला लावतात हो. सगळा वर्ग हसतो."

तिच्या डोळ्यांपुढे अक्षरं जागेवर राहत नसत. एक ओळ वाचायला ती इतका वेळ घ्यायची की ओळीची सुरुवात तिची तीच विसरून जायची. ऐकलेलं मात्र पक्कं डोक्यात बसायचं. संडे स्कूलमध्ये मी एकदा म्हणून दाखवलेलं बायबलचं वचन ती पुढच्या रविवारी न चुकता म्हणायची. मी स्वतः शिक्षिका होते, तरी तिला वाचायला शिकवणं मला जमलं नव्हतं. त्या वर्षाच्या शेवटी मी नोकरी सोडली आणि तिचं नाव शाळेतून काढून घेतलं.

आम्ही नाशिकला शरणपूरच्या मागे राहतो. तिचे पप्पा ओझरला विमानांच्या कारखान्यात कंत्राटावर फिटर होते. घरात चौथं कोणी नाही, एकच मूल. माझ्या भावाने फोनवर विचारलं, "शाळेतून काढून करणार काय तिचं?" मी म्हणाले, "घरीच शिकवणार."

आम्ही अगदीच एकटे नव्हतो. आमच्या आणि आसपासच्या चर्चमधली चार-पाच कुटुंबं मुलांना घरी शिकवत होती. महिन्यातून एका शनिवारी कोणाच्या तरी घरी सगळे जमायचो. प्रार्थना व्हायची, मुलं पाठांतर म्हणून दाखवायची आणि मग ज्या घरी जमलो असू त्या घरच्यांनी आपल्या हातची एखादी कला सगळ्यांना शिकवायची. असा नियमच होता. मुलांच्या हातात प्रमाणपत्र येईल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून निदान हुन्नर यावा, घरबसल्या चार पैसे मिळवता यावेत, ही सगळ्यांची धडपड. एका घरात मेणबत्त्या व्हायच्या, एकात शिवणकाम. सायखेड्याकडून नाशिकला आलेल्या एक ताई होत्या, त्या साबण करायच्या. नारळाच्या तेलाचा, कडुनिंबाचा. त्यांना आम्ही सगळे साबणवाल्या ताई म्हणायचो.

आमच्या घरची पाळी आली तेव्हा मला फक्त स्पंज केक येत होता, तोही कुकरमधला. तोच शिकवला. मुलगी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेल. मी सगळ्यांना सांगत होते आणि माझ्या शेजारी उभी राहून ती पिठात हात घालत होती. सगळे गेल्यावर ती म्हणाली, "आई, तू पीठ जास्त फिरवलंस. म्हणून मध्ये बसला." पुढच्या आठवड्यात तिने एकटीने केक केला आणि तो बसला नाही.

तेव्हापासून आमचा अभ्यास स्वयंपाकघरात सुरू झाला. अपूर्णांक तिला वहीत कधीच कळले नव्हते. मैद्याच्या वाटीत कळले. वजन, तापमान, वेळ, सगळं तिने पावामधून उचललं. मी वाचायचे, ती ऐकायची आणि करायची. पावाचं पीठ फुगायला ठेवलं की ती त्याच्याजवळ बसून राहायची. मी म्हणायचे, "अगं, ते आपोआप फुगतं, जा खेळ." ती जायची नाही. तिला ते बघायला आवडायचं. माझ्या मुलीला असं कशात रमलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तिच्या पप्पांनी एका बंद पडलेल्या बेकरीतून जुना गॅसचा ओव्हन आणला. मागच्या लांबट खोलीत बसवला, स्टीलचं टेबल स्वतः वेल्डिंग करून बनवलं, ट्रे कापून आणले. खोलीला ती 'कारखाना' म्हणायची. पप्पा कंपनीच्या बसमधून उतरून घरात आले की आधी विचारायचे, "काय, आज तुमच्या कारखान्यात किती माल निघाला?" आणि दोघं हसायचे.

आधी कॉलनीत पाव जायचा. मग नानखटाई, बटर, वाढदिवसाचे केक. नाताळात आमच्या लोकांकडे करंज्या, चकल्या, शंकरपाळे तर होतातच, पण प्लम केक बहुतेक जण विकतच आणतात. तो सगळा आमच्याकडून जाऊ लागला. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी एकदा विचारलं, "प्रभुभोजनाची भाकर तू करशील का बेटा?" त्या दिवसापासून प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये मोडून सगळ्यांना दिली जाणारी भाकर तिच्या हातची असायची. ती शनिवारी सकाळी उठून आंघोळ करून ती भाजायची. त्या दिवशी दुसरी कुठलीही ऑर्डर घ्यायची नाही असं तिनेच ठरवलं होतं.

मुक्त विद्यालयाच्या दहावीचे काही विषय लेखनिक घेऊन ती पास झाली. उरलेले नंतर देऊ, असं आम्ही म्हणालो. घाई कशाची होती? तिच्या हाताला काम होतं आणि त्या कामात ती कोणापेक्षा कमी नव्हती.

एकदा सटाण्याहून एका लग्नाच्या केकची ऑर्डर आली. तीन मजली केक. उन्हाळ्याचे दिवस. आम्ही गाडी करून निघालो, एसी चालू, केकचे डबे मांडीवर. वळणावर गाडी कलली की ती डब्यांवर वाकायची. हॉलवर पोचलो तर वरच्या थराची एक कड खचली होती. तिने पिशवीतून क्रीम काढलं आणि सुरीने ती कड सारखी करून त्यावर पांढरी फुलं अशी काढली की ती मुळातच तिथे असावीत. वधूची आजी बघत उभी होती. तिने मला अहिराणीत विचारलं, "हाऊ केक कोनी बनाडा?" मी मुलीकडे बोट दाखवलं. म्हातारीने तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. परतीच्या वाटेवर मुलगी म्हणाली, "आई, आपण एक मोठी बेकरी काढू. आणि ज्यांना वाचता येत नाही ना, त्या मुलींनाच कामाला ठेवू." मी हो म्हणाले. मला त्या वेळी ते अगदी शक्य वाटत होतं.

शिंका कधी सुरू झाल्या ते मला नक्की आठवत नाही. मैदा चाळायला घेतला की तिला सटासट शिंका यायच्या, डोळे लाल व्हायचे. आम्ही हसण्यावारी नेलं. नाशिकची थंडी, दुसरं काय. मग खोकला लागला. समोर रस्त्याचं काम चालू होतं, म्हटलं धूळ असेल. काढा दिला, वाफ दिली. रात्री झोपेत तिच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी औषध बदलून बदलून दिलं.

ईस्टरनंतर आम्ही आठवडाभर काम बंद ठेवलं आणि माझ्या भावाकडे राहायला गेलो. तिथे ती खळखळून हसली, नदीपर्यंत चालत गेली, एकदाही खोकली नाही. मी देवाचे आभार मानले. परत येऊन तिने सकाळी मैद्याची गोणी उघडली आणि दुपारपर्यंत ती खुर्चीत पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून श्वास ओढत होती.

मग छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नळीत फुंकायला लावलं, तपासण्या केल्या. तिला विचारलं, "काम काय करतेस?"

"बेकरी आहे माझी," ती म्हणाली. माझी, असं ती पहिल्यांदाच म्हणाली होती.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते वाईट माणूस नव्हते, समजावून सांगत होते. पिठाची उडणारी बारीक भुकटी श्वासात जाते, काही जणांच्या शरीराला ती सहन होत नाही, बेकरीत काम करणाऱ्यांना असा दमा होतो. खायला हरकत नाही, पण पिठाच्या जवळ राहायचं नाही.

"मैदा सोडावा लागेल," ते म्हणाले.

"किती दिवस?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "बेटा, कायमचा. नाहीतर फुप्फुसं अशीच खराब होत जातील आणि मग औषधही लागू पडणार नाही."

बाहेर येऊन तिने रिक्षा थांबवली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "शनिवारची भाकर तरी करायला पाहिजे. पाळकसाहेबांना शब्द दिलाय."

आम्ही मैदा सोडला नाही. सोडता येईना. तिच्या पप्पांनी भिंत फोडून मोठा एक्झॉस्ट पंखा बसवला. ओझरच्या कारखान्यात रंगकाम करणारे घालतात तसला मास्क आणला. मैदा चाळायचं काम मी गॅलरीत नेलं आणि ती फक्त भिजवलेल्या पिठाला हात लावू लागली. काही दिवस बरे गेले. मग तेही चालेना. तेव्हा ती फक्त केकवर क्रीम लावू लागली. मग तेही नाही. ती दाराबाहेर खुर्ची टाकून बसायची आणि मला बाहेरूनच विचारायची, "आई, रंग कसा आलाय? कडेला सुटलाय का?" मी सांगायचे, ती ठरवायची. पाव माझ्या हातून तसा होत नसे. गिऱ्हाइकं काही म्हणत नव्हती, पण परत मागवत नव्हती.

चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी तिला पुढे बोलावलं, वडील मंडळींनी डोक्यावर हात ठेवले, सगळं चर्च उभं राहिलं. मी इतकी रडले की माझा पदर भिजला. मला खात्री होती. खरंच खात्री होती. घरी येऊन ती सरळ मागच्या खोलीत गेली, मास्क न लावता पिठाचा डबा उघडला आणि त्यावर वाकली. मी धावले तेव्हा ती म्हणाली, "बघायचं होतं." थोड्या वेळाने खोकला सुरू झाला.

त्यानंतर आठवड्याभरात, भर दुपारी, मी पाव काढत असताना दाराबाहेर खुर्ची पडल्याचा आवाज आला. ती जमिनीवर बसली होती, ओठ निळसर झाले होते. तोंडातून शब्द फुटत नव्हता, नुसती हाताने दम्याच्या पंपाकडे खूण करत होती, आणि पंपाने काही होत नव्हतं. शेजारच्या मुलाने रिक्षा आणली. सिव्हिल हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता मला अजूनही पार करवत नाही. मास्कमधून औषधाची वाफ दिली, ऑक्सिजन लावला, संध्याकाळी तिचा चेहरा जरा माणसासारखा दिसू लागला. तिचे पप्पा ओझरहून थेट तिथे आले. त्यांनी तिच्या पायांवर हात ठेवला आणि ते तसेच उभे राहिले. घरी आल्यावर त्यांनी ओव्हनच्या गॅसची नळी काढून ठेवली.

पुढच्या शनिवारच्या बैठकीत सगळ्यांनी तिला कल्पना सुचवल्या. प्रेमाने सुचवल्या, मला माहीत आहे. एक जण म्हणाली मेणबत्त्या कर. एक म्हणाली कागदी पिशव्या. कोणी अळिंबीची शेती सांगितली, कोणी विणकाम, कोणी घरबसल्या कॉम्प्युटरवर टायपिंग. टायपिंग सांगणाऱ्या बाईंना तिचं वाचन माहीत नव्हतं. साबणवाल्या ताईंनी तिचा हात धरला.

"आगं, साबण लय सोपं हाय. मी शिकवते तुला. महिन्याभरात तुजा धंदा उभा ऱ्हाईल, तू बघ."

ती मान डोलवत होती. प्रत्येकाला हो म्हणत होती. घरी येताना रिक्षात म्हणाली, "आई, त्या सगळ्यांना वाटतंय मला काम पाहिजे."

"मग काय पाहिजे तुला?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी परत विचारलं नाही.

तरी ती साबण शिकायला गेली. कॉस्टिक सोड्याच्या वाफेने आणि सुगंधी तेलांनी पहिल्याच दिवशी छाती दाटली. ताईच घाबरल्या, स्वतः घरी सोडायला आल्या. मग शिवणकाम झालं. तिने उशांचे अभ्रे शिवले, टीप सरळ, कोपरे नीट. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या हात चांगला आहे. पण ती शिवताना खिडकीतून बाहेर बघायचीही नाही, मशीनकडेही बघायची नाही. अभ्र्यांचा गठ्ठा झाला तसा तिने तो कपाटात ठेवला आणि पुन्हा मशीनवर बसली नाही. मी आग्रह केला. रागावले. देवाने दोन हात दिलेत तर बसून राहायचं का, असंही बोलले. ती म्हणाली, "हात आहेत गं. मीच नाहीये."

तिची जेवणाच्या आधीची प्रार्थनाही बंद झाली. आम्ही म्हणायचो, ती डोळे मिटून बसायची. चर्चमध्ये प्रभूच्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीचं वाक्य आलं की तिचे ओठ हलायचे थांबायचे. पुढच्या वाक्याला ती पुन्हा सामील व्हायची. शेजारी बसणाऱ्या कोणाच्या ते लक्षात आलं नसेल. मला मात्र दर रविवारी त्या वाक्याची धास्ती वाटते. प्रभुभोजनाची भाकर आता दुकानातून येते. ती मोडली जाते तेव्हा मी तिच्याकडे बघत नाही.

ओव्हन विकत घ्यायला सिन्नरकडचं एक तरुण जोडपं आलं. नवराबायको दोघं उत्साहात होते, घरातूनच बेकरी काढणार होते. तिच्या पप्पांनी खोलीचं दार उघडलं. खोली धुऊन पुसून ठेवली होती, तरी मुलगी आत गेली नाही, उंबऱ्याबाहेरून बोलली. मागचा डावा कोपरा जास्त तापतो, ट्रे अर्ध्यात फिरवायचा. दार आपटायचं नाही, हलक्या हाताने लावायचं. थंडीत आधी बराच वेळ तापवून घ्यायचा. ती बाई मोबाइलवर सगळं टाइप करत होती. मध्येच तिने विचारलं, "मग तुम्ही का विकताय हो? चालत नव्हती का बेकरी?"

"चालत होती," मुलगी म्हणाली.

टेम्पोत ओव्हन चढवताना तिच्या पप्पांनी खालून जोर लावला. टेम्पो गेला तसे ते रस्त्यातच उभे राहून हात रुमालाने पुसत राहिले. हाताला काहीच लागलं नव्हतं.

नंतर तिने नोकऱ्या केल्या. एका कपड्यांच्या दुकानात राहिली, पण चिठ्ठीवरचे साइजचे आकडे आणि अक्षरं उलटसुलट व्हायची. मालक चांगला होता, पण किती दिवस सांभाळून घेणार? दहावीचं प्रमाणपत्र नाही म्हणून दुसऱ्या ठिकाणी आतच घेतलं नाही. उरलेले विषय देऊ या, असं मी एकदा म्हणाले. तिने पुस्तकाचं पहिलं पान उघडलं, बराच वेळ बघितलं आणि मिटलं. आता ती अंबडला एका कंपनीत पॅकिंगला जाते. प्लास्टिकचे झाकणासारखे भाग पिशवीत भरायचे आणि पिशवी बंद करायची. कशाचे आहेत, विचारलं तर म्हणते, माहीत नाही. छाती बरी आहे. पंप पर्समध्ये असतो, फारसा लागत नाही. डॉक्टर खूश आहेत.

शनिवारच्या बैठकीला आम्ही जाणं सोडलं. नवीन कुटुंबं आली आहेत असं ऐकते. मागच्या खोलीत मी संध्याकाळी शिकवण्या घेते. कॉलनीतली मुलं मोठमोठ्याने वाचतात. ती कामावरून आली की त्या दारावरून पुढे निघून जाते, हातपाय धुते, जेवते. मी विचारते, "दमलीस?" ती म्हणते, "नाही." आमच्यात एवढंच बोलणं होतं. कधीकधी मी ठरवते की आज हिच्याशी नीट बोलायचं. मग ती समोर येते आणि मला काय बोलायचं होतं तेच सुचत नाही. मी प्रार्थना करते, पण काय मागायचं ते आता कळत नाही. श्वास मागितला होता, तो मिळाला.

मागच्या नाताळाच्या आधी चर्चच्या आवारात एक नवीन बाई आल्या. नुकत्याच बदली होऊन नाशिकला आलेल्या. त्यांना प्लम केक शिकायचा होता. कोणीतरी माझ्या मुलीकडे बोट दाखवून म्हणालं, "हिला विचारा, हिच्यासारखा केक कोणाला येत नाही."

त्या बाई हसत तिच्याकडे आल्या. "शिकवशील का गं मला?"

ती शांतपणे म्हणाली, "मला नाही येत."

"अगं, पण ते तर म्हणाले..."

"नाही येत मला. दुसऱ्या कोणाबद्दल म्हणाले असतील."

मी दोन पावलांवर उभी होते. त्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी वाकून चपला शोधू लागले. मग त्या सॉरी म्हणून दुसरीकडे वळल्या आणि आम्ही दोघी चपला घालून गेटकडे निघालो.